प्रवासात गाई-म्हशीच्या दुधाविना चांगली कॉफी कशी जमवावी

प्रश्न असा आहे: दूध बंद केलं आहे आणि प्रवास वारंवार होतो. घरी ओट किंवा सोया दुधाची कॉफी छान जमते, पण बाहेर पडलं की तीच कॉफी कधी फाटते, कधी पाणचट लागते, तर कधी अति गोड होते. सोबत काय न्यावं, खोलीवर कशी करावी आणि बाहेर काय मागावं?

आधी थोडक्यात सांगतो. प्रवासात बिघडलेल्या अशा कॉफीचा दोष बहुतेक वेळा दुधाच्या माथी मारला जातो, पण खरी गडबड कॉफीत असते. घरी तुमचं पाणी, तुमची पूड आणि तुमचं तापमान ठरलेलं असतं. बाहेर ही तिन्ही बदलतात. त्यामुळे दुधाचा ब्रँड शोधत फिरण्याआधी कॉफी सावरायची. ती कमी आंबट, कडक आणि थोडीशी निवलेली हवी. एवढं साधलं की साध्या सोया पावडरनेही चांगला कप होतो. आणि दूध मिळालंच नाही तर तीच कॉफी काळी प्यायलाही बरी लागते.

कॉफी फाटते का?

तयार कॉफीचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.८ ते ५.२ असतो. सोयामधली प्रथिनं पीएच ४.५ च्या आसपास आली की एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात, बदामाची प्रथिनंही आम्लात आणि उष्णतेत फार टिकत नाहीत. म्हणजे कपात दूध पडतं तेव्हा ते आधीच कड्यावर उभं असतं. त्यात पाणी उकळतं असेल किंवा दुधात वरून मिसळलेलं कॅल्शियम जास्त असेल, तर तोल जातो. गाईच्या दुधातलं केसीनही ४.६ ला असंच फुटतं, पण त्या दुधात मुळातच फॉस्फेट आणि सायट्रेट भरपूर असल्याने आम्ल शोषलं जातं आणि पीएच तेवढा खाली उतरत नाही. पर्यायी दुधात ही ढाल नसते, किंवा कारखान्यात घालावी लागते. ‘बरिस्ता’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांवर डायपोटॅशियम फॉस्फेट किंवा ई ३४० (काही ठिकाणी आयएनएस ३४०) लिहिलेलं असतं, ते यासाठीच. जोडीला थोडं जास्त तेल आणि जेलन गमसारखा घट्टपणा देणारा पदार्थ असतो. घरगुती पद्धतीचं, ‘फक्त बदाम आणि पाणी’ असं शुद्ध दूध पोटाला कितीही चांगलं असलं तरी गरम कॉफीत सगळ्यात आधी फाटतं.

यातून प्रवासात उपयोगी पडणाऱ्या चार गोष्टी निघतात.

पहिली, दुधाचं प्रमाण. मोठा मग भरून पातळ फिल्टर कॉफी आणि वर दोन चमचे सोया दूध, हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. आम्ल खूप आणि दूध थोडं, त्यामुळे दुधाचा पीएच थेट कॉफीच्या पातळीवर जातो. उलट ५०-६० मिली कडक कॉफीत १०० ते १२० मिली दूध घातलं तर मिश्रणाचा पीएच वर राहतो आणि तेच दूध सहज टिकतं. म्हणून माझा आग्रह असतो की कॉफी एक तर काळी घ्यावी, नाहीतर थोडी कडक कॉफी आणि भरपूर दूध अशी घ्यावी. मधला मार्ग घरी ठीक आहे, बाहेर नाही.

दुसरी, कॉफीचं वय. नाश्त्याच्या टेबलावर हॉटप्लेटवर तासभर ठेवलेली कॉफी जास्त कडू आणि जास्त आंबट होते. गरम राहिल्याने तिच्यातली काही संयुगं फुटून क्विनिक आम्ल वाढतं आणि पीएच खाली येतो. म्हणूनच आठ वाजता न फाटलेलं सोया दूध दहा वाजता त्याच भांड्यातल्या कॉफीत फाटतं. ताजं भांडं भरलं जाईपर्यंत थांबा किंवा यंत्रातून नवा एस्प्रेसो काढून घ्या.

तिसरी, पाणी. पाण्यातलं बायकार्बोनेट कॉफीचं आम्ल मारतं. आरओचं किंवा अगदी हलकं बाटलीबंद पाणी वापरलं की कॉफी टोकदार आंबट लागते आणि दूधही लवकर फाटतं. बाटलीच्या लेबलवर बायकार्बोनेटचा आकडा असतो तो बघा: लिटरला ५० ते १०० मिलीग्रॅम असेल तर उत्तम. दोनशे-तीनशेच्या पुढे गेला की दूध टिकतं पण कॉफीची चव सपाट, खडूसारखी होते. एकूण क्षार साधारण १५० मिलीग्रॅमच्या आसपास असलेलं पाणी कॉफीला मानवतं.

चौथी, हलवणं. डब्यातलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर वरचं दूध पातळ लागतं आणि शेवटच्या कपात सगळा गाळ येतो. दहा-बारा वेळा जोरात हलवा, प्रत्येक वेळी.

कॉफी कोणती न्यावी?

मध्यम-गडद भाजलेली. फिकट भाजलेली, धुतलेल्या प्रक्रियेची (बियांवरचा गर धुऊन वाळवलेली) केनिया किंवा इथिओपियाची कॉफी काळी प्यायला अप्रतिम असते, पण तिचा फळांसारखा आंबटपणा ओट दुधात विचित्र लागतो आणि सोयाला फाडतो. ब्राझील, सुमात्रा किंवा मॉन्सून्ड मलबारसारखी कमी आम्लाची कॉफी पर्यायी दुधाबरोबर छान बसते. थोडी रोबस्टा (कॉफीची जास्त कडक, कडवट जात) मिसळलेली असेल तर आणखी सोपं, कारण ती दुधाखाली दबत नाही.

पूड की दाणे? दोन-चार दिवसांच्या प्रवासाला दळूनच न्या. हाताने फिरवायची छोटी चक्की जवळ असेल आणि मुक्काम मोठा असेल तर दाणे. पूड १५-१६ ग्रॅमच्या पुड्यांमध्ये आधीच मोजून हवाबंद ठेवली की रोजचं मोजमाप संपतं. वजनकाटा नसेल तर सपाट टेबलस्पून म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पण दळण आणि भाजणीप्रमाणे हे बदलतं, म्हणून घरूनच मोजून नेणं बरं. नुकत्याच भाजलेल्या कॉफीची पिशवी विमानात फुगते. झडप नसलेली पिशवी असेल तर आतली हवा काढून मग बंद करा.

इन्स्टंटला नाक मुरडू नका. फ्रीझ-ड्राइड इन्स्टंट कॉफी ट्रेनमध्ये, विमानात किंवा पहाटे पाचला खूप कामाची आहे. दुधाच्या कपासाठी ३ ग्रॅम कॉफी आधी ४० मिली कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग १२० मिली गरम दूध घाला. थेट उकळत्या पाण्यात टाकली की चव जळकट येते आणि वर तपकिरी गोळे तरंगतात. मात्र ‘थ्री इन वन’ पुड्यांपासून लांब राहा, त्याचं कारण पुढे येईल.

दूध कोणतं, आणि ते न्यायचं कसं?

चवीने ओट पहिलं. ओटमधल्या स्टार्चचं एन्झाइमने माल्टोज केलेलं असतं, म्हणून साखर न घालताही ते गोड लागतं. ज्यांना रक्तातली साखर सांभाळायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या डब्यातही १०० मिलीला ३-४ ग्रॅम साखर असू शकते. सोयात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे फेस सगळ्यात चांगला येतो, पण फाटण्याचा धोकाही त्यातच जास्त. वाटाण्याचं दूध मिळालं तर घ्या. प्रथिनं भरपूर आणि बरिस्ता प्रकार असेल तर गरम कॉफीत टिकाऊ. बदामाचं बहुतेक डब्यांमध्ये फारच पातळ असतं. तांदळाचं गोड पाणी होतं, फेस येत नाही. नारळाचं दूध स्वतःची चव सोडत नाही. गडद भाजलेल्या कॉफीत ते शोभतं, बाकी कशात नाही.

सोबत न्यायचे तीन मार्ग आहेत.

२०० किंवा २५० मिलीचे न उघडलेले टेट्रापॅक हा सगळ्यात सोपा. ते सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नाही. २००६ पासून लागू झालेला १०० मिली द्रवाचा नियम अजून बऱ्याच विमानतळांवर आहे. नव्या स्कॅनरमुळे काही ठिकाणी तो शिथिल झाला असला तरी परतीच्या विमानतळावर तसं असेलच असं नाही. लिटरचा डबा प्रवासात परवडत नाही. एकदा उघडला की फ्रीज हवा आणि डब्यावर लिहिलेल्या तीन ते पाच दिवसांत तो संपवायला हवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर टाकून द्या. हॉटेलच्या खोलीतला लहान फ्रीज बरेचदा पुरेसा थंड नसतो, आणि कार्ड काढलं की वीज जाणाऱ्या खोलीत तो दिवसभर बंदही राहू शकतो. आत ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी परतल्यावर हाताला चांगली थंड लागते का, तेवढं बघा.

दुसरा मार्ग पावडर. सोया पावडर सगळ्यात चांगली विरघळते: १०० मिलीला १० ते १२ ग्रॅम. आधी दोन चमचे कोमट पाण्यात गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेलं ६०-६५ अंशांचं पाणी हळूहळू घाला. उकळत्या पाण्यात थेट टाकली की बाहेरून शिजलेल्या आणि आत कोरड्या गाठी होतात, त्या मग कशानेच मोडत नाहीत. ओटची पावडर घेताना एन्झाइमने प्रक्रिया केलेली आहे का ते लेबलवर बघा. नुसतं ओटचं पीठ असेल तर गरम पाण्यात त्याची खळ होते. नारळाच्या दुधाच्या पावडरीत सोडियम केसिनेट असण्याची शक्यता मोठी असते, म्हणजे ती दुधापासून मुक्त नाही. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेच्या विमानांत हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त आकारमानाची पूड असेल तर वेगळी तपासणी होऊ शकते, आणि त्यात कॉफीची पूडही येते. पावडर मूळ पाकिटातच ठेवा. लेबल नसलेल्या पिशवीतली पांढरी पूड तपासणीला उगाच वेळ खाते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, आणि लोक त्याचा विचारच करत नाहीत: काजूचं किंवा बदामाचं गुळगुळीत बटर. एक टेबलस्पून, म्हणजे १५-१६ ग्रॅम बटर आणि १५० मिली थंड किंवा कोमट पाणी झाकणाच्या बाटलीत घालून अर्धा-पाऊण मिनिट जोरात हलवलं की दाट दूध तयार. काजूचं गाळावं लागत नाही, बदामाचं थोडं रवाळ लागतं. फ्रीज नको, बटर आठवडे टिकतं, आणि चरबी भरपूर असल्याने कॉफीला अंग येतं. बटरमध्ये मीठ-साखर नको, फक्त सुका मेवा हवा. विमानतळावर मात्र हे द्रवातच मोजलं जातं, त्यामुळे हातातल्या बॅगेत छोट्या पुड्याच न्या. बाटली गरम पाणी भरून कधीही हलवू नका. वाफेचा दाब झाकण उडवतो आणि हात भाजतो.

खोलीवर एक कप, सुरुवातीपासून

साधन म्हणून मी एअरोप्रेस सांगेन: पूड पाण्यात भिजवून दट्ट्याने दाबून गाळायची नळी. ॲलन ॲडलर यांनी तयार केलेलं हे साधन २००५ मध्ये बाजारात आलं. प्लास्टिकचं असल्याने फुटत नाही, धुवायला अर्धा मिनिट लागतो, आणि दाब देता येत असल्याने कमी पाण्यात कडक कॉफी निघते. इथे नेमकं तेच हवं आहे. मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) हेही चांगलं, पण ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालत नाही आणि हॉटेलच्या खोलीत शेगडी नसतेच. ड्रिप बॅग (कपाच्या काठावर अडकवायची, पूड भरलेली कागदी गाळणी) सोयीच्या, पण १० ग्रॅमला १५० मिली अशी पातळ कॉफी देतात. त्या काळ्या कॉफीसाठी ठेवा.

खोलीतली किटली आधी एकदा पाणी उकळून ओतून द्या. तळाशी पांढरा थर असेल तर दोनदा. स्वतःची किटली नेणार असाल तर व्होल्टेज बघा: २३० व्होल्टची किटली ११० व्होल्टवर लावली तर ताकद निम्मी नाही, साधारण चौथाई होते, आणि चार मिनिटांचं काम वीस मिनिटांवर जातं. उलट केलं तर किटली जळते. दोन्ही व्होल्टेजचं बटण असलेलीच घ्या.

आता तापमान. गडद भाजणीला ८५ अंश पुरतात, त्याहून गरम पाणी कडवटपणा काढतं. थर्मामीटर लागत नाही: चार भाग उकळतं पाणी आणि एक भाग खोलीच्या तापमानाचं पिण्याचं पाणी मिसळलं की ८५ च्या जवळ येतं. डोंगरात हे बदलतं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं. तिथे थंड पाणी मिसळू नका, उकळलं की लगेच ओता, आणि कॉफी तरीही पाणचट लागली तर अर्धा मिनिट जास्त भिजवा.

एअरोप्रेसमध्ये कागदी फिल्टर ओला करून बसवा. १६ ग्रॅम पूड घाला, दळण बारीक मिठाएवढं. ८० मिली पाणी ओता, दहा सेकंद ढवळा आणि दट्ट्या थोडासा आत बसवून ठेवा म्हणजे खाली गळणं थांबतं. सव्वा मिनिटाने सावकाश दाबा, २५-३० सेकंद घ्या. ५५ मिलीच्या आसपास कडक कॉफी येईल. दाबताना फार जोर लागला तर दळण खूप बारीक आहे. पाच सेकंदांत दट्ट्या तळाला गेला तर खूप जाड आहे. आंबट आणि पोकळ लागली तर वेळ वाढवा, घशाला कोरडी-कडवट लागली तर पाणी आणखी गार करा.

कॉफी होईपर्यंत दूध तापवून घ्या. किटलीत दूध कधीही घालू नका. तळाला करपतं, उतू जातं, वास बसतो, आणि तुमच्यानंतर त्या खोलीत येणाऱ्याला सोयाची किंवा बदामाची ॲलर्जी असू शकते. त्याऐवजी स्टीलच्या मगात १००-१२० मिली दूध घ्या आणि तो मग बेसिनमध्ये किंवा मोठ्या वाडग्यात उकळत्या पाण्यात ठेवा. मधूनमधून ढवळत राहिलात तर पाच-सहा मिनिटांत दूध ५५-६० अंशांवर येतं: मगाला बोट लावलं की चटका बसतो पण दोन-तीन सेकंद धरवतं, एवढं. पर्यायी दुधाला ६५ च्या पुढे नेऊ नका. ओट त्यानंतर चिकट होऊन लापशीची चव देतं आणि सोयाला उकडलेल्या शेंगांचा वास येतो. दूध फार थंड असेल तरी अडचण, कारण फ्रीजमधलं दूध ऐंशी अंशांच्या कॉफीत पडलं की प्रथिनांना एकदम धक्का बसतो.

फेस हवा असेल तर बॅटरीवरचा छोटा घुसळा पुरतो. टोक आधी पृष्ठभागाच्या जरा खाली धरून दहा सेकंद हवा भरायची, मग तळाशी नेऊन वीस सेकंद फिरवायचं. सारखं वरच धरलं तर मोठे बुडबुडे येतात आणि मिनिटात बसतात. घुसळा नसेल तर दूध थंड असतानाच बंद बाटलीत हलवा, फेस आणा आणि मग तापवा.

मिसळताना क्रम पाळा: कॉफी झाल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, कपात कोमट-गरम दूध घ्या आणि त्यात कॉफी बारीक धारेने, ढवळत ओता. उलट केलं, म्हणजे कॉफीत दूध टाकलं, तर पहिले थेंब पूर्ण आम्लात पडतात आणि तिथेच गुठळी धरतात. एकदा सुरुवात झाली की पसरते.

एवढं करूनही दूध टिकत नसेल, पाणी फार हलकं असेल किंवा मिळालेली कॉफी फारच आंबट असेल, तर खाण्याचा सोडा. १५० मिली कॉफीला ०.१ ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल इतकाच. तो कॉफीत घाला, दूध नंतर. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती जात नाही. कडवटपणा ही वेगळी तक्रार आहे. त्यावर मिठाचे तीन-चार कण चालतात, कारण सोडियम जिभेवरचा कडवटपणा दाबतं.

उन्हाळ्यात किंवा सलग मुक्कामात थंड पद्धत सगळ्यात निर्धास्त. ६० ग्रॅम जाडसर पूड रिकाम्या चहाच्या पिशव्यांमध्ये भरा, ५०० मिली पाण्यात बुडवा आणि बाटली १४-१६ तास फ्रीजमध्ये ठेवा. पिशव्या काढा, अर्क आणि दूध समसमान घ्या. ‘कोल्ड ब्रू आम्लविरहित असते’ हा समज मात्र बरोबर नाही. २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या अभ्यासात थंड आणि गरम दोन्ही कॉफींचे पीएच ४.८५ ते ५.१३ याच पट्ट्यात होते. गरम कॉफीत एकूण आम्लांचं प्रमाण जास्त निघालं, एवढाच फरक. दूध टिकतं ते मुख्यतः उष्णता नसल्यामुळे. हा अर्क तीन-चार दिवसांत संपवा.

कॅफेत मागताना

‘ओट मिल्क आहे का’ एवढं विचारून भागत नाही. विचारा: गोड केलेलं आहे का, बरिस्ता प्रकारचं आहे का, आणि ते कोणत्या भांड्यात तापवणार. एकाच भांड्यात आळीपाळीने गाईचं आणि ओटचं दूध तापवणं सर्रास चालतं. वाफेची नळी पुसून, वाफ सोडून साफ केली तरी तिच्यावर दुधाचे अंश राहू शकतात. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना एवढ्याने बहुधा काही होत नाही; ज्यांना दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा खरा धोका आहे, आणि त्यांनी वाफवलेलं दूध न घेता एस्प्रेसो आणि बंद डब्यातलं थंड पर्यायी दूध वेगळं मागावं. परक्या भाषेच्या देशात फोनवर स्थानिक भाषेत चार ओळी लिहून ठेवा: दूध, साय, लोणी, दूध पावडर, व्हे, केसीन यांतलं काहीही चालत नाही, आणि ते ॲलर्जीमुळे की आवडीमुळे हेही स्पष्ट लिहा. समोरच्याची काळजी त्यावर ठरते.

पेय निवडताना कडक आणि लहान निवडा: डबल शॉटवर (एस्प्रेसोचं दुप्पट माप) १००-१२० मिली ओट दूध. मोठ्या लॅटेत ३०० मिली ओट दूध जातं आणि मग कॉफी नाही, ओटच लागतं. चॉकलेट पावडर, व्हाइट चॉकलेट, कॅरमेल सॉस आणि वरचं क्रीम यांत दूध असणं नेहमीचं आहे. दुधाचं उत्तर ‘ओट’ मिळालं म्हणून मोकाही (चॉकलेट घातलेली कॉफी) दूधमुक्त झाली असं समजू नका.

कॅफेकडचं पर्यायी दूध बरं दिसत नसेल तर काळ्याकडे वळा, पण नुसती ‘ब्लॅक’ म्हणू नका. डबल शॉटमध्ये ६० ते ९० मिलीच पाणी मागा; मोठ्या कपातली भरपूर पाण्याची अमेरिकानो (एस्प्रेसोत गरम पाणी घातलेली काळी कॉफी) पाणचट लागते. गारव्यासाठी डबल शॉट, १० मिली साखरेचा पाक आणि बर्फ जोरात हलवून गाळून मागा. दुधाचा थेंबही नसताना वर दाट फेस येतो.

विमान, ट्रेन, यंत्रं

विमानातला केबिनचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीएवढा असतो, त्यामुळे तिथे पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं, आणि कोरड्या हवेत नाक सुकल्याने वास-चव मंदावते. तिथे नाजूक कॉफी वाया जाते. गडद भाजणीची इन्स्टंट किंवा चहासारखी बुडवायची कॉफी बॅग आणि फक्त गरम पाणी, बस. बॅग चार-पाच मिनिटं बुडवून दाबून काढा. ड्रिप बॅग हलत्या विमानात टाळा, सांडणारं पाणी भाजतं. ट्रेनसाठी थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्या. मग भरलेलं पाणी तीन-चार तासांनीही ८० अंशांच्या वर राहतं. विमानतळावर रिकामा थर्मास तपासणीतून जातो, पलीकडे गरम पाणी भरून घ्या.

आणि लेबल. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेला क्रीमर दूधमुक्त असतोच असं नाही. त्यात सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचं प्रथिन, अनेकदा असतं. थ्री इन वन पुड्यांमध्ये एक तर हे असतं किंवा सरळ दूध पावडर. व्हे, मिल्क सॉलिड्स, लॅक्टोज, केसीन हे शब्द शोधा. ‘लॅक्टोज-फ्री’ दूध हे दूधच आहे. लॅक्टेजची गोळी पहिल्या घोटाच्या आधी घ्यायची, आणि ती फक्त लॅक्टोजच्या त्रासावर चालते. ॲलर्जीवर तिचा काहीही उपयोग नाही.

स्टेशनवरच्या आणि ऑफिसातल्या पेय-यंत्रांबद्दल एक गोष्ट. पावडर कालवणाऱ्या यंत्रात ‘ब्लॅक’ दाबलं तरी कॉफी बरेचदा त्याच नळीतून येते जिच्यातून आधीची दुधाची कॉफी गेलेली असते. पहिला कप गरम पाण्याचा घेऊन ओतून दिला तर नळीतला साका बऱ्यापैकी निघतो आणि चव सुधारते. ॲलर्जी असेल तर हेही पुरेसं नाही. अशा यंत्रातून गरम पाणीसुद्धा स्वतंत्र नळी असेल तरच घ्या, आणि कॉफी आपल्या पुडीतली घाला.